पाठीमागचा साहेब

रंजीताच्या पोराला रंजीता नको होती. हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि पुरावा म्हणाल तर तो दिवसातून आठ वेळा मिळायचा. पोरगं भुकेनं रडायचं, मांडीवर घेतलं की आधाशासारखं प्यायचं, आणि पोट भरलं रे भरलं की असं ताठ व्हायचं की मांडीवर लेकरू नाही, सागाची फळी ठेवली आहे. पाठीची कमान, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. मग प्यायलेल्यातलं अर्धं दूध तिच्या पदरावर आणि दोन्ही पायांच्या लाथा तिच्या पोटावर. जवळ घ्यावं तर ढकलतं, खाली ठेवावं तर बोंबलतं. आता आईनं यातून काय समजायचं, तुम्हीच सांगा.

पोराचं कागदावरचं नाव रियांश. बापानं, म्हणजे निकेशनं, मोबाईलवर हुडकून ठेवलेलं. पण जन्मला शुक्रवारी, म्हणून आजी देवकाबाईनं त्याला सुकलू म्हटलं, आणि तिनं एकदा म्हटलं की झालं. रियांश बिचारा लसीच्या कार्डावरच राहिला. घर मोहर्ली गेटच्या अलीकडं, दोन खोल्या, अंगण, अंगणात एक शेळी आणि कुंपणाच्या पलीकडं सरळ जंगल. निकेश सफारीची जिप्सी चालवायचा. सासरा मुखरू धानाची शेती करायचा आणि चैतात मोहफुलं वेचायचा. देवकाबाई या सगळ्यांना चालवायची.

सुकलू तीन महिन्यांचा होता तेव्हाच गावात घरोघर लेकरांची तब्येत बघणारी आशाताई, चंचल, घरी येऊन सांगून गेली होती की याला दुसरं काही नाही, प्यायलेलं दूध वर येतं आणि घशात जळजळतं. वजन बरं आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. पाजून झालं की अर्धा तास खांद्यावर उभा धरा, मोठा झाला की जाईल आपोआप. सरळ गोष्ट. पण देवकाबाईनं चार लेकरं वाढवली होती आणि एकालाही उभं धरलं नव्हतं. उभं धरलं की मान लुळी पडते, हा तिचा कायदा. चंचल गेली तशी देवकाबाई म्हणाली की ती पोरगी कालची, तिचं स्वतःचं लग्न नाही झालं, तिला मानेतलं काय कळतं. त्यामुळं त्या घरात सुकलू मांडीवर आडवा, झोळीत आडवा, बाजेवर आडवा. दूध वर आलं की रडायचा, रडला की भूक लागली म्हणून पुन्हा पाजायचे, पुन्हा आडवा. सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते, पण कायदा म्हणजे कायदा.

आता इथं वाघ येतो. मोहफुलं वेचायला माणूस खाली वाकतो, आणि वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो. तोंडाकडून येत नाही, लाजतो म्हणा. म्हणून यंदा जंगलवाल्यांनी मोह वेचणाऱ्यांना मुखवटे वाटले. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं की हा माणूस आपल्याकडंच बघून राहिला आहे. प्लास्टिकचा मुखवटा, गोरापान चेहरा, काळीभोर मिशी, ओठांवर बारीकसं हसू. सगळ्यांना एकच चेहरा. गावानं त्याचं नाव साहेब ठेवलं, कारण असा गोरा आणि कोणाचं काही ऐकून न घेणारा माणूस दुसरा कोण असणार.

एका सकाळी मुखरू टोपलीभर मोहफुलं घेऊन घरी आला. साहेब डोक्यामागं तसाच राहिला होता. घरात सुकलूचा अवतार चालू होता. देवकाबाईचे हात भरून आलेले, रंजीता तोंड फिरवून भांडी घासत बसलेली. देवकाबाईनं वैतागून पोरगं नवऱ्याच्या अंगावर दिलं. मुखरूनं आयुष्यात स्वतःची चार लेकरं उचलली नव्हती, त्याला फक्त पोतं उचलायची सवय. त्यानं सुकलूला पोत्यासारखाच खांद्यावर टाकला. सुकलूचं तोंड आलं नेमकं साहेबाच्या तोंडासमोर.

आणि सुकलू गप्प झाला. डोळे मोठे करून साहेबाकडं बघत राहिला, एक दांडगा ढेकर दिला आणि मुखरूच्या खांद्यावर गाल टेकवला.

घरात असं काही शांत झालं की शेळीनंही मान वर केली. देवकाबाई काही खुळी नव्हती, तिनं लगेच खात्री करून घ्यायची ठरवली. मुखवटा काढला, पोरगं बाजेवर ठेवलं, पोरगं रडलं. मुखवटा बांधला, पोरगं खांद्यावर घेतलं, पोरगं गप्प. पुन्हा काढला, ठेवलं, रडलं. पुन्हा बांधला, घेतलं, गप्प. तीनदा केलं. इतकं पक्कं सिद्ध झाल्यावर आणखी काय पाहिजे. मुखरू हळूच म्हणाला की उभं धरल्यानं मानेला काही झालं तर? देवकाबाईनं त्यालाही मार्ग काढला. साहेबाकडं बघायचं म्हणून पोरगं मान आपणच धरतं, मग लुळी कशी पडेल.

त्या दिवसापासून घराची रीतच बदलली. रंजीतानं पाजायचं आणि ताबडतोब पोरगं साहेबवाल्याच्या हवाली करायचं. दिवसा साहेब देवकाबाईच्या डोक्यामागं. ती अंगणात पोराला घेऊन फिरायची, तेव्हा रस्त्यानं जाणारे तिच्या पाठीला नमस्कार करायचे आणि ती पाठमोरीच आशीर्वाद द्यायची. शेजारच्या सुकरीनं एक दिवस अर्धा तास साहेबाशी सुनेची गाऱ्हाणी केली, आणि घरी जाऊन सांगितलं की देवकाबाई आजकाल फार शांतपणे ऐकून घेते. संध्याकाळी साहेब निकेशकडं. तो एकदा विसरून तसाच गेटवर गेला. जिप्सीत मागं बसलेल्या पाहुण्यांना वाटलं, ड्रायव्हर सगळा वेळ आपल्याकडंच बघून गाडी चालवून राहिला आहे. त्यांनी वाघाचे चार आणि साहेबाचे चाळीस फोटो काढले.

मुखरूची मात्र पंचाईत झाली. मुखवटा घरी अडकला, मोहफुलं तर वेचायलाच पाहिजेत. त्यानं निकेशचा काळा गॉगल डोक्यामागं लावला आणि गेला. वाघाला काय वाटलं ते माहीत नाही, पण सोबतची माणसं त्याच्या मागं बसायला तयार होईनात.

चंचल पुन्हा आली तेव्हा देवकाबाई पोराला खांद्यावर उभा धरून फेऱ्या मारत होती. चंचलला आनंद झाला. म्हणाली, बघा, मी सांगितलं तसं केलं तर कसा गप्प आहे.

"मी काय केलं बाई? साहेब करून राह्यला सारं," देवकाबाई म्हणाली. चंचलनं कपाळाला हात लावला आणि कार्डावर वजन लिहून निघून गेली.

सगळं घर खूश होतं. आणि रंजीता? तिचं कोणी विचारलं नाही. ती दिवसातून आठ वेळा पाजायची, आठ वेळा लाथा खायची, आणि मग दारात उभी राहून बघायची की तिचं पोरगं एका प्लास्टिकच्या मिशीवाल्यासाठी कसं विरघळतं. तिला त्या साहेबाचा खरोखर राग यायचा. एकदा घरात कोणी नव्हतं तेव्हा तिनं त्याला खुंटीवर टांगलेला बघून विचारलंही, तुझ्यात असं काय आहे रे. तो हसतच राहिला.

मग तिनं ठरवलं की आपणही साहेब व्हायचं. डोक्यामागं बांधायला गेली, तर तिची वेणी आडवी आली. रंजीताचे केस म्हणजे गावात नाव होतं, मनगटाएवढी जाड वेणी. तिच्यावर मुखवटा बसेचना, साहेब सारखा आभाळाकडं बघायचा. शेवटी तिनं तो सरळ तोंडावर बांधला आणि सुकलूला मांडीवर आडवा घेऊन पाजायला बसली. म्हटलं, आता बघ, तुझाच साहेब तुला पाजतो आहे. सुकलू प्यायला, पोट भरलं आणि झाला ताठ. असा ओरडला, असा ओरडला की मुखवट्याच्या आत तिचे कान बधिर झाले. साहेबाच्या मिशीवर दूध.

देवकाबाई दारात उभी होती. तिनं मुद्दाम टोचून म्हटलं नाही, हे सांगायला पाहिजे. तिला जे दिसलं तेच ती बोलली.

"साहेबाच्या तोंडाआडूनबी वळखते हा तुले," ती म्हणाली. "मले वाटते, मायचं दूधच बाधते याले."

आणि तिथून ती गोष्ट सुरू झाली. मायचं दूध बाधतं. म्हणजे रंजीताचं दूध जड आहे, पोराला सोसत नाही, म्हणून पोरगं तिला ढकलतं. यावर उपाय घरातच बांधलेला होता, शेळी. देवकाबाईनं शुक्रवार ठरवला, सुकलूचा वार. शुक्रवारपासून शेळीचं दूध, बाटली आजीच्या हातात, आणि दुसऱ्या सकाळपासून रंजीता मुखरूसोबत मोह वेचायला. हे कानावर गेल्यावर चंचल फोनवर ओरडली की सहा महिन्यांच्या आत असलं काही देऊ नका, आईचंच दूध पाहिजे. देवकाबाईनं फोन निकेशला दिला, निकेशनं रंजीताला दिला, आणि रंजीता काय बोलणार. निकेश चंद्रपूरहून बाटली घेऊन आला. निळ्या टोपणाची बाटली फळीवर जाऊन बसली. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं बायकोला एवढंच म्हटलं की तुलाही जरा आराम होईल.

आराम. रंजीताला वाटलं, ती बाटली उचलून विहिरीत टाकावी. पण टाकून काय होणार होतं. पोरगंच म्हणत होतं ना की तू नको. लोकांशी भांडता येतं, पाच महिन्यांच्या लेकराशी कसं भांडायचं. ती झोळीजवळ बसून त्याचे पाय धरायची. तेवढेच तो झोपेत धरू द्यायचा.

शुक्रवार उजाडला. ऊन वर आलं तसं मुखरू शेळीखाली भांडं घेऊन बसला. देवकाबाईनं साहेबाला साबणानं धुऊन कुंपणाच्या खुंटावर वाळत घातलं होतं, कारण आजच्या दिवशी साहेब स्वच्छ पाहिजे. निकेशची सकाळची फेरी संपली होती आणि तो मोटारसायकल पुसत होता. रंजीतानं आत बसून सुकलूला शेवटचं पाजलं. शेवटचं हा शब्द तिच्या मनात आला आणि तिचं टाळकंच सरकलं. तिनं फळीवरची कात्री घेतली. वेणीच आडवी येते ना, तर वेणीच कापून टाकू. मग साहेब नीट बसेल, मग पोरगं घेईल आपल्याला, मग बघू कोण बाटली लावतं. मनगटाएवढी वेणी तिनं एका हातात धरली, कात्री लावली, आणि बाहेर देवकाबाईनं अशी आरोळी ठोकली की कात्री हातातच राहिली.

कुंपणावर काळतोंडं वानर बसलं होतं, आणि साहेब त्याच्या हातात होता.

खुंटावर वाळत घातलेली वस्तू वानरानं नेणं, यात आमच्याकडं नवल नाही. चड्ड्या नेतात, पापड नेतात. पण साहेब म्हणजे घराचा सुखाचा श्वास होता. देवकाबाई झाडू घेऊन धावली, मुखरू शेळी तशीच सोडून गलोल शोधू लागला, निकेशनं मोटारसायकलला किक मारली. वानर रस्ता ओलांडून शाळेच्या पत्र्यावर गेलं, तिथून मोठ्या चिंचेवर. तिघं त्याच्या मागं. दुधाचं भांडं शेळीनं लाथेनं उलटवलं, तिकडं बघायला कोणी नव्हतं.

आणि बाजेवर सुकलू ताठ झाला.

रंजीता घरात एकटी. साहेब नाही, सासू नाही, फक्त ती आणि तिला नको म्हणणारं पोरगं. पोरगं बोंबलायला लागलं. तिला पहिल्यांदा त्याचा राग आला, मग साहेबाचा, मग वानराचा. तिनं ठरवलं की तो मुखवटा आपणच आणायचा, आत्ताच्या आत्ता. पण पोरगं टाकून कसं जायचं, आणि मांडीवर आडवं धरून धावता कसं येणार. तिनं कात्री अंगणात फेकली, सुकलूला उचलला, खांद्यावर टाकला आणि पळत सुटली.

चिंचेखाली तोवर अर्धं गाव जमलं होतं. वानर वरच्या फांदीवर बसून साहेबाला उलटसुलट करून बघत होतं. त्याला मिशीवर धुऊनही उरलेला दुधाचा वास आला असावा, कारण त्यानं साहेबाला चाटलं. मग तोंडाला लावलं. आता झाडावर एक मिशीवाला गोरा साहेब शेपूट लोंबकळत बसलेला, खाली सगळी माणसं मान वर करून हात जोडून उभी. रस्त्यानं जाणाऱ्या दोन जिप्स्या थांबल्या. कोणी केळं फेकलं, कोणी भाकर. साहेबानं केळं घेतलं, भाकर परत फेकली. देवकाबाई त्याला लेकरा, राजा म्हणत होती, आणि मधूनच त्याच्या सात पिढ्या काढत होती.

रंजीता मात्र एका जागी थांबायला तयार नव्हती. वानर या फांदीवर गेलं की ती इकडं, त्या फांदीवर गेलं की तिकडं. एका हातानं पोराची पाठ आवळून धरलेली, दुसरा हात वर. तोंडानं एकसारखी बोलत होती, आणि ती वानराशी बोलत होती की साहेबाशी की आणखी कोणाशी, तिचं तिलाच कळत नव्हतं. दे म्हणत होती. माझं आहे ते दे. पाच महिने झाले, एक दिवस तरी मला दे. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कोणी हसलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, वीसेक मिनिटं तरी गेली असतील. मग तिला पाठीवर काहीतरी कोमट ओघळल्यासारखं वाटलं. कानाजवळ एक मोठा ढेकर ऐकू आला. आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. ती घाबरली. पोरगं रडत का नाही? कधीपासून रडत नाही? तिनं हळूच मान वळवली, तर सुकलूचा गाल तिच्या खांद्यावर टेकलेला, तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटत आलेले. अंग ताठ नाही, कमान नाही. नुकत्याच मळलेल्या कणकेसारखा तो तिच्या अंगावर सैल पडला होता.

तिच्या डोक्यामागं फक्त वेणी होती.

गर्दीत चंचल उभी होती. तिनं देवकाबाईकडं बघितलं. देवकाबाईनं झाडू खाली केला. मुखरू मान खाली घालून गलोलीचं रबर ताणून बघत राहिला.

इतक्यात वानराला केळं संपल्यावर साहेबाचा कंटाळा आला आणि त्यानं तो फेकून दिला. निकेशनं तो हवेतच झेलला, पॅंटला पुसला, डोक्यामागं बांधला आणि लगबगीनं पाठमोरा चालत रंजीताच्या मागं येऊन उभा राहिला, पोराला दिसावा म्हणून. आला बघ तुझा साहेब, म्हणाला. त्या आवाजानं सुकलूनं डोळे उघडले. साहेबाकडं बघितलं. साहेब नेहमीसारखा हसत होता, मिशीला जरा केळं लागलेलं.

सुकलूनं जांभई दिली, मान पलीकडं वळवली आणि आईच्या गळ्यात नाक खुपसलं.

रंजीता तिथंच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सोडायचाही नव्हता. एक क्षण ती थांबली तसा सुकलू कुरकुरला.

"थांबली काऊन?" देवकाबाई मागून म्हणाली. "चाल. फिरव त्याले. अन् मान धर नीट."

रंजीता चालू लागली. देवकाबाई तिच्या मागोमाग, आपल्या पदरानं सुनेच्या पाठीवरचं दूध पुसत. निकेश त्यांच्या मागं, आणि त्याच्या डोक्यामागचा साहेब गावाकडं बघत राहिला. घरी आल्यावर देवकाबाईनं अंगणातली कात्री उचलली. सुनेकडं बघितलं, वेणीकडं बघितलं, आणि कात्री फळीवर त्या निळ्या टोपणाच्या बाटलीच्या मागं सारून ठेवली. मग जवळ आली आणि रंजीताची वेणी स्वतःच्या हातानं उचलून दुसऱ्या खांद्यावरून पुढं घेतली, पोराच्या नाकात केस जाऊ नयेत म्हणून.